डॉक्टरांचं अक्षर वाचू पाहणारी यंत्रं: ग्रिडपॅड, न्यूटन, पाम आणि आमची फजिती

बोरुबहाद्दर

आम्ही न्यू जर्सीतलं घर सोडतोय, त्यामुळे गेले तीन शनिवार-रविवार बेसमेंट उपसणं चालू आहे. परवा एका खोक्यात, जुन्या कॅसेटी आणि गणपतीच्या थर्माकोलच्या मखराखाली, न्यूटन सापडलं. ॲपलचं न्यूटन मेसेजपॅड, १९९३ चं पहिलं मॉडेल. काळंभोर, साधारण व्हिडिओ कॅसेटएवढं, सोबत प्लॅस्टिकचं पेन. मुलगी म्हणाली, "बाबा, हा तुमचा पहिला आयपॅड का?" म्हटलं, नाही गं, ही तुझ्या बाबाची पहिली फजिती.

१९९३ ते ९७ मी डॉक्टरांच्या ऑफिसांसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या एका लहान कंपनीत होतो. (कंपनी केव्हाच बुडाली, नाव घेण्यात अर्थ नाही.) इथलं मेडिकल ऑफिस म्हणजे आपला दवाखानाच, फक्त मागच्या खोलीत कंपाउंडरऐवजी इन्शुरन्सची बिलं करणाऱ्या दोघी-तिघी बसलेल्या असतात. डॉक्टरच्या हातातला कागद काढून तिथं पेनचं यंत्र द्यायचं, हे आमचं काम. ते जमलं नाही. तेव्हा आम्ही सगळं खापर यंत्राच्या डोक्यावर फोडलं. आता मला तसं वाटत नाही, म्हणून हा धागा.

आधी थोडी वंशावळ. पेनानं चालणारं आणि खरोखर धंदा करून दाखवणारं पहिलं यंत्र म्हणजे ग्रिडपॅड, १९८९. वजन सुमारे दोन किलो, आत एमएस-डॉस, पेन वायरीनं बांधलेलं, किंमत सॉफ्टवेअर सोडून २,३७० डॉलरच्या घरात. ते घडवलं जेफ हॉकिन्सनं. त्यावर अक्षरं सुटी, छापील वळणाची काढावी लागत. गिऱ्हाईक कोण, तर फिरतीवर फॉर्म भरणारे लोक. इथं एक खूण करून ठेवा: फॉर्म *भरणारे*, मजकूर लिहिणारे नव्हेत.

मग पेनच्या यंत्रांसाठी गो कॉर्पोरेशनची पेनपॉइंट ही ऑपरेटिंग सिस्टिम आली, १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टचं विंडोज फॉर पेन आलं. कीबोर्ड आता जाणार असं जो तो म्हणत होता. गो १९९४ मध्ये गेली, कीबोर्ड अजून आहे.

न्यूटन ऑगस्ट १९९३ मध्ये बॉस्टनच्या मॅकवर्ल्डला बाहेर पडलं. ६९९ डॉलर, चार ट्रिपल-ए सेल, ३३६ बाय २४० ठिपक्यांचा पडदा. जोडाक्षरी, म्हणजे सलग गिरवलेलं इंग्रजी ओळखणारं इंजिन मॉस्कोच्या पॅराग्राफ कंपनीचं होतं. त्याची रीत अशी: तुम्ही शब्द लिहिला की ते अक्षर अक्षर लावत बसायचं नाही, आपल्या शब्दकोशातला जवळात जवळचा शब्द शोधायचं. घरगुती पत्राला हे ठीक. पण वैद्यकातले शब्द कोशात नसले की ते शब्द "चुकीचे" वाचले जात नसत, त्यांच्या जागी दुसरेच अस्सल इंग्रजी शब्द छापले जात. चूक शुद्ध लिहिलेली असली की डोळ्याला सापडत नाही. एका डेमोत डॉक्टरांनी कानाच्या सुजेचं नाव लिहिलं, ओटायटिस मीडिया. यंत्रानं छापलं "ऑफिस मीडिया". नर्स हसली, डॉक्टर हसले नाहीत. शब्द कोशात घालता येत होते, आणि आम्ही रात्र रात्र बसून औषधांची नावं घातली. तरीही नाही.

आता माझा मुद्दा. त्या प्रत्येक ऑफिसात एक छापील कागद असायचा, सुपरबिल. एका पानावर त्या डॉक्टरच्या नेहमीच्या रोगांचे आणि तपासण्यांचे कोड छापलेले. डॉक्टर उभ्या उभ्या दोन-तीन खुणा करणार, पेशंट तो कागद घेऊन बाहेरच्या काउंटरवर जाणार, पुढचं सगळं तिथल्या बाई बघणार. आम्ही हा कागद यंत्रात घातला आणि खुणांबरोबर नाव, जन्मतारीख, विमा क्रमांक तपासणं, चुकलेला शब्द दुरुस्त करणं हेही डॉक्टरच्या पदरात टाकलं. काउंटरवरच्या बाईंचं काम आम्ही उचलून गावातल्या सर्वांत महागड्या कारकुनाला दिलं. अक्षर शंभर टक्के ओळखलं असतं तरी तो डॉक्टर यंत्र परत देणारच होता.

इथं डॉक्टर मंडळी आहेत, जुने प्रोग्रॅमर आहेत. पटतंय का?

झोपाळ्यावरचा

वाखुसा (वाचनखूण साठवली). सविस्तर प्रतिसाद जेवणानंतर.

डॉ. खोडरबर

अर्धं पटतंय.

मी कोल्हापूर जिल्ह्यात ३१ वर्षं जनरल प्रॅक्टिस करतोय. महागडा कारकून वगैरे ठीक, पण तुम्ही एक गृहीत धरलंय की डॉक्टर जे लिहितो ते दुसऱ्यानं वाचावं म्हणून लिहितो. माझा केसपेपर माझ्यासाठी असतो. त्यावर "सीएसटी" लिहिलं म्हणजे मागचीच औषधं चालू. पोटाचं चित्र काढून एक फुली मारली की मला पुढच्या महिन्यात सगळं आठवतं, त्या दिवशी बाई सुनेवर चिडलेली होती हेसुद्धा. हे कुठल्या रकान्यात टाकू? त्या फुलीचं इंग्रजी करायला लावणारं यंत्र मला नको होतं, आजही नको आहे.

चिठ्ठीचं मात्र वेगळं. चिठ्ठी दुसऱ्यासाठीच असते. आमचा औषधवाला माझं अक्षर वाचत नाही, ओळखतो, म्हणजे तुमच्या न्यूटनसारखाच कोशातला जवळचा शब्द लावतो. तो बरोबर लावतो कारण त्याला मी काय देतो ते ठाऊक आहे. चिठ्ठी दुसऱ्या गावात गेली की संपलं. टेक्सासमधल्या ओडेसाचा खटला आम्हाला एका सीएमईत (डॉक्टरांच्या उजळणी वर्गात) सांगितला होता: डॉक्टरनं हृदयासाठी आयसॉर्डिल लिहिलं, औषधवाल्यानं प्लेंडिल वाचलं. डोस आयसॉर्डिलचा, गोळी प्लेंडिलची, म्हणजे दिवसाच्या कमाल मात्रेच्या आठपट. पेशंट दगावला. १९९९ मध्ये ज्यूरीनं साडेचार लाख डॉलरची भरपाई लावली, डॉक्टर आणि औषधवाला दोघांवर. आपल्याकडे मेडिकल कौन्सिलनं २०१६ मध्ये नियम केला, जेनेरिक नाव, वाचता येईल असं, शक्यतो कॅपिटलमध्ये. मी पाळतो. वेळ जास्त लागतो हेही सांगतो.

तर मुद्दा असा की केसपेपर आणि चिठ्ठी ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तुम्ही दोन्ही एकाच पाटीवर आणल्या.

बोरुबहाद्दर

डॉक्टरसाहेब, सुनेवर चिडलेली फुली फार आवडली. आणि हो, दोन्ही एका पाटीवर आणणं ही चूकच. पण इथल्या डॉक्टरला आपली खासगी फुली मारायची मोकळीक उरली नव्हती. मेडिकेअरनं (इथली ज्येष्ठांसाठीची सरकारी विमा योजना) १९९५ मध्ये आणि पुन्हा १९९७ मध्ये नियम काढले: अमुक पातळीचं बिल लावायचं तर इतिहासाचे इतके मुद्दे, तपासणीचे तितके मुद्दे नोंदलेले हवेत. ९७ च्या नियमांत तर शरीराच्या भागागणिक मोजायचे मुद्दे ठिपके लावूनच दिले होते. म्हणजे केसपेपर बिलाचा पुरावा झाला, तुमची आठवण राहिली बाजूला. त्यानंतर पेनवाल्या पाट्यांवर चौकटींची जी रांग आली ती अक्षर ओळखता येत नाही म्हणून आली असं आम्ही समजायचो. ती बिलाच्या मोजणीसाठी आली होती.

तळघरातला_तज्ज्ञ

इतिहासात एक पायरी राहिली. डॉक्टरनं लिहू नये, निवडावं ही कल्पना पेनपेक्षा जुनी आहे. लॉरेन्स वीड, ज्यांनी समस्यांनुसार मांडलेला केसपेपर आणि सोप नोट (तक्रार, तपासणी, निदान, उपचार अशा चार भागांची नोंद) आणली, त्यांची व्हर्माँट विद्यापीठातली प्रॉमिस नावाची यंत्रणा १९७० च्या दशकातच स्पर्शानं चालणाऱ्या पडद्यावर होती. एका पडद्यावर थोडे पर्याय, बोट लावा, पुढचा पडदा. पण टर्मिनल एका जागी.

आणि स्टॅनफर्डला १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला पेन-आयव्हरी नावाचा प्रयोग झाला. त्यांनी तपासणीची नोंद कागदासारखी मांडली आणि पेनाला मोजक्याच खुणा ठेवल्या: गोल करा, रेघ मारा, खोडा. अक्षरओळख जवळजवळ बाजूलाच. बोरुबहाद्दर, तुमच्या सुपरबिलाचाच हा शहाणा भाऊ.

बोरुबहाद्दर

बरोबर. आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं. माहीत असतं तरी मालकानं ऐकलं नसतं, कारण ब्रोशरवर "तुमचं अक्षर समजणारं" हे ठसठशीत छापून झालं होतं.

कडू_कारलं

सगळे इतके हळवे का झालात? दोन किलोची पाटी काखेत मारून दिवसभर कोण फिरेल? न्यूटनचा पडदा पहिल्या मॉडेलात बिनाप्रकाशाचा, पोर्टेबल म्हणायचं आणि उजेडाखाली जाऊन वाचायचं. गेलं ते बरं झालं. फेब्रुवारी १९९८ मध्ये ॲपलनंच गाशा गुंडाळला.

परदेशी_पाखरू

कारल्या, गेलं पण वंश चालला ना!

मी २००० साली ओहायोत रेसिडेन्सीला लागले. पहिल्या आठवड्यात सीनियरनं विचारलं, "पाम आहे का?" पाम म्हणजे तेव्हाचा खिशात मावणारा, पेनानं चालणारा कॉम्प्युटर. नाही म्हटलं तर इतकी कीव आल्यासारखं बघितलं की शनिवारी जाऊन घेऊन आले. पांढऱ्या कोटाचा डावा खिसा पामचा, उजवा स्टेथोचा. पाम बनवणारे बोरुबहाद्दरांचेच हॉकिन्स. बनवायच्या आधी त्यांनी लाकडाचा ठोकळा खिशात घालून फिरून बघितलं होतं म्हणे, किती मोठं यंत्र माणूस खिशात बाळगेल ते कळायला. पहिलं पायलट १९९६ चं, २९९ डॉलर, दोन छोटे सेल, आठवडेच्या आठवडे चालायचं.

पण आम्ही त्यावर केसपेपर लिहीत नव्हतो. एक अक्षर नाही! त्यावर आम्ही *वाचायचो*. १९९९ च्या शेवटी एपोक्रेट्स आलं, औषधांची यादी, मात्रा, कशाबरोबर काय द्यायचं नाही, सगळं फुकट. दोन अक्षरं टाकली की औषधाचं नाव समोर. रात्री तीन वाजता किडनी बिघडलेल्या पेशंटला अँटिबायोटिक किती द्यायचं हे सीनियरला उठवून विचारायची लाज वाटायची. पामला विचारायला लाज कसली? शिवाय इन्फ्रारेड होतं. हँडओव्हरच्या वेळी दोघी कॉरिडॉरमध्ये पाम समोरासमोर धरून उभ्या, पेशंटांची यादी इकडून तिकडे. लांबून बघणाऱ्याला वाटावं हळदीकुंकू चाललंय.

आणि त्याच सुमारास, नोव्हेंबर १९९९ मध्ये, इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनचा अहवाल आला होता: अमेरिकेतल्या हॉस्पिटलांत चुकांमुळे वर्षाला ४४,००० ते ९८,००० मृत्यू. आमच्या प्रत्येक लेक्चरात तो आकडा. त्यामुळे खिशात पाम दिसला की वरिष्ठही खूश.

कडू_कारलं

फुकट? औषधांची यादी फुकट कोण देतं बाई?

परदेशी_पाखरू

हो, ते आहे. सिंक केलं की डॉकअलर्ट नावाचे निरोप यायचे, त्यांतल्या काहींचे पैसे औषध कंपन्या मोजायच्या. आम्हाला कळत होतं. पण जेवणाचे डबे घेऊन येणारे एमआर वेगळं काय करत होते?

बोरुबहाद्दर

पाखरूताई, तुम्ही माझा धागा दोन वाक्यांत संपवलात. आम्ही डॉक्टरला लिहायला लावलं, पामनं वाचायला दिलं. आमच्या यंत्रानं डॉक्टरकडून माहिती घेतली आणि ती मागच्या खोलीला दिली. पामनं डॉक्टरलाच दिली. ज्याच्या हातात यंत्र, त्याला त्या क्षणी काही मिळालं तर तो वेडंवाकडं पेनही सहन करतो. तुम्ही ग्राफिटी शिकलातच ना?

परदेशी_पाखरू

एका दुपारीत! अजूनही वाण्याची यादी करताना माझा "ए" बिनरेघेचा निघतो.

शेंदाडशिपाई

अज्ञानी प्रश्न: ग्राफिटी म्हणजे?

बोरुबहाद्दर

पामची लिपी. पडद्याखाली एक चौकट, डावीकडे अक्षरं, उजवीकडे आकडे. प्रत्येक अक्षर एका फटकाऱ्यात. "ए" म्हणजे आडव्या रेघेशिवायचं घराचं छप्पर, "टी" म्हणजे वरची आडवी रेघ आणि तिथूनच खाली वळणारी उभी. अक्षरावर अक्षर, त्याच जागी लिहायचं.

शेंदाडशिपाई

म्हणजे मोडीच की! हात न उचलता, झरझर. आमच्या पणजोबांचे दफ्तरातले कागद तसेच आहेत.

बोरुबहाद्दर

जवळ आलात, पण गंमत नेमकी उलटी आहे. मोडीत लिहिणारा हात उचलत नाही म्हणून त्याचा वेग वाढतो, आणि एक अक्षर कुठं संपलं ते वाचणाऱ्यानं आपल्या अनुभवानं ताडायचं. न्यूटननं हेच ताडायचं काम अंगावर घेतलं होतं आणि तोंडावर आपटलं. ग्राफिटीत पेन उचललं की अक्षर संपलं. यंत्राला ताडायला काही ठेवलंच नाही. सगळी शिकवणी माणसाला, यंत्र निवांत.

कल्पना पूर्ण पामची नव्हती हेही सांगायला हवं. झेरॉक्सनं युनिस्ट्रोक्स नावानं तसंच काही आधी केलं होतं, १९९७ मध्ये पामविरुद्ध दावा लावला, आणि २००३ मध्ये पामनं ग्राफिटी २ आणलं. त्यात काही अक्षरांना दोन फटकारे लागू लागले. जुने लोक जाम चिडले.

डॉ. खोडरबर

म्हणजे डॉक्टरांचं अक्षर सुधारायचा उपाय निघाला होता तर. यंत्र सुधारलं नाही, डॉक्टरच बालवाडीत बसवले.

तळघरातला_तज्ज्ञ

न्यूटनवर थोडा अन्याय होतोय. १९९६ मध्ये न्यूटन ओएस २ आलं, त्यातली सुट्या अक्षरांची ओळख ॲपलनं स्वतः लिहिलेली होती, न्यूरल नेटवर्कवर, आणि ती खरंच चांगली होती. पण तोवर वर्तमानपत्रांतल्या चित्रपट्ट्यांनी त्याचं पार हसं करून टाकलं होतं.

रानजाई

मला ह्या धाग्यात एक वेगळीच गोष्ट घालायची आहे. मी सार्वजनिक आरोग्यात काम केलं, बहुतेक आदिवासी तालुक्यांत. तुम्ही सगळे डॉक्टरांच्या अक्षराबद्दल बोलताय. आपल्याकडे सर्वांत जास्त लिहिते ती सिस्टर, म्हणजे उपकेंद्राची एएनएम. सपाटीवर पाच हजार लोकांमागे एक, डोंगरी-आदिवासी भागात तीन हजारांमागे. लसीकरणाचं रजिस्टर, गरोदर मातांचं, जन्ममृत्यूचं, साठ्याचं, आणि महिनाअखेरीस त्यांतलेच आकडे काढून वरच्या तक्त्यात. पिशवीत औषधांपेक्षा वह्यांचं वजन जास्त.

ह्याच न्यूटनवर तिच्यासाठी काम झालं होतं, आणि तेही भारतात! ॲपलच्या संशोधन विभागातली मंडळी राजस्थानात गेली, खेड्यांतल्या एएनएम बायांबरोबर बसली आणि न्यूटनवर चित्रांची, हिंदीची पाटी बनवून बघितली. सॅली ग्रिसडेल, माइक ग्रेव्ज आणि अलेक्झांडर ग्रुनस्टाइडल यांचा त्यावरचा निबंध १९९७ च्या अटलांटातल्या सीएचआय परिषदेत (माणूस आणि संगणक यांच्या नात्यावरची परिषद) आहे. मी तो फार उशिरा वाचला आणि वाचून चक्क राग आला, कारण माझ्या सिस्टर २०१० नंतरही त्याच वह्या ओढत होत्या.

बोरुबहाद्दर, तुमची कसोटी इथं लावून बघते. सिस्टरच्या हातातलं यंत्र तिलाच काही देणार असेल, म्हणजे आज कुठल्या घरी जायचं, कोणाचा दुसरा डोस राहिलाय, तर ती ते जपेल. नुसते वर पाठवायचे आकडे भरायला असेल तर वही आणि यंत्र दोन्ही भरायला लागतील. हे दोन्ही भरणं मी नंतर टॅब आल्यावर डोळ्यांनी पाहिलंय. सिस्टर आधी वहीत लिहायच्या, रात्री घरी टॅबमध्ये उतरवायच्या.

झोपाळ्यावरचा

जेवण झालं, पण आता मला लिहायला काही उरलं नाही. रानजाई, दंडवत.

एक भर: बंगळूरचा सिम्प्युटर हा हातात मावणारा कॉम्प्युटर आठवतो का कुणाला? आयआयएससीच्या प्राध्यापकांचा, लिनक्सवाला, स्मार्ट कार्ड घालायची खाच असलेला. कार्ड प्रत्येकाचं, यंत्र गावाचं, ही कल्पना. २००४ मध्ये अमिडा नावानं बाजारात आला, भारत इलेक्ट्रॉनिक्सनं बनवलेला. तोवर लोकांच्या हातात मोबाइल आले होते.

परदेशी_पाखरू

बोरुबहाद्दर, मूळ प्रश्न राहिलाच: ते न्यूटन चालू होतं का?

बोरुबहाद्दर

काल नवे चार सेल घातले. आतला जुना बटण सेल फुगला होता, तो आधी काढला. (कोणाकडे असं यंत्र पडून असेल तर आजच सेल काढा, सेल पाझरला की पत्र्या खातो.) चालू झालं! पेन नीट लागतंय का ते बघायला यंत्रानं पडद्यावरच्या खुणांवर पेन टेकवायला लावलं, टेकवलं. आतली स्मृती अर्थात कोरी, वीज गेली की ती पुसलीच जायची. पण बाजूच्या खाचेत फ्लॅश कार्ड आहे, त्यावर काहीतरी दिसतंय.

रानजाई

थांबा. हे यंत्र कोणा डॉक्टरकडून परत आलेलं ना? मग त्या कार्डावर पेशंटांची माहिती असू शकते. तीस वर्षं झाली तरी ती त्यांचीच. फोटो वगैरे इथं टाकू नका.

बोरुबहाद्दर

ताई, वेळेवर बोललात, मी फोनचा कॅमेरा उघडूनच बसलो होतो.

उघडून पाहिलं. फक्त तीन पानं. नाव कुणाचंच नाही. तिन्हींत अक्षरओळख बंद करून, चित्र म्हणून सरळ पेनानं खरडलेलं. एका पानावर डाव्या हाताचं चित्र आणि अंगठ्याच्या बुडाशी फुली. बाकीची दोन मला वाचता आली नाहीत. बायकोलाही नाही, आणि ती फार्मसीत काम करते.

कार्ड पुसलं.

डॉ. खोडरबर

अंगठ्याच्या बुडाशी फुली म्हणजे बहुतेक डी क्वेरवेन, अंगठ्याच्या कंडरांची सूज. नवीन बाळंतिणींना होतं, मूल सारखं उचलून. त्या डॉक्टरला ती बाई नक्की आठवत असणार.